शर्यतीमागील हात

जानेवारीतील तिसरा रविवार उलटून सोमवार उजाडला की मुंबईच्या वृत्तपत्रांत एक छायाचित्र हमखास झळकते. छाती पुढे काढून, दोन्ही हात उंचावून कोणी धावपटू शर्यतीच्या अखेरची फीत तोडीत असतो. खाली त्याचे नाव, त्याचा देश आणि त्याने घेतलेला वेळ दिलेला असतो. वाचक कौतुकाने पाहतो आणि पान उलटतो. पण त्या छायाचित्राच्या कडेला बारकाईने पाहिले, तर फितीचे टोक धरून ठेवणारा एक हात दिसतो. तो कोणाचा, हे कोठेच लिहिलेले नसते. आजचा हा लेख आम्ही त्या हातासाठी आणि त्याच्यासारख्या हजारो हातांसाठी लिहीत आहोत.

बालाघाटकरांस ही गोष्ट अपरिचित नाही. आपल्या मुलना मैदानावर हॉकीचे अखिल भारतीय सामने भरतात, तेव्हा पाहुण्या संघांच्या जेवणाची व निजण्याची व्यवस्था कोणीतरी केलेली असते, गोलची जाळी कोणीतरी बांधलेली असते. खेड्यात बैलांचा पट भरावयाचा असला, की आधी चार माणसे धावपट्टीवरील ढेकळे फोडतात आणि खडे वेचतात. एक खडा राहून गेला, तर बैलाचा पाय दुखावतो. टाळ्या मात्र बैलजोडीला आणि हाकणाऱ्याला पडतात. यात अन्याय आहे असे आम्ही म्हणत नाही. पाहणाऱ्याची दृष्टी धावणाऱ्यावरच जाणार. परंतु घराघरांतील मुलामुलींना खेळाची गोडी लागत असताना, खेळ उभा कोणाच्या बळावर राहतो हेही त्यांना कळावे असे आम्हांस वाटते. त्यासाठी वर्षातून एकदा होणाऱ्या मुंबईच्या मॅरेथॉनचे उदाहरण घेऊ.

ही शर्यत १५ फेब्रुवारी २००४ रोजी प्रथम झाली. पुढील वर्षापासून ती जानेवारीत भरू लागली. महामारीमुळे २०२१ व २०२२ या दोन वर्षी तिला खंड पडला आणि १५ जानेवारी २०२३ रोजी मुंबईचे रस्ते पुन्हा धावपटूंनी फुलून गेले. अलीकडच्या वर्षांत पन्नास हजारांहून अधिक लोक तीत भाग घेतात. त्यांत पूर्ण मॅरेथॉन धावणारे असतात, अर्धी धावणारे असतात, हौसेखातर पाचसहा किलोमीटर चालणारे असतात. वृद्ध असतात, अपंग असतात. एका तालुक्याच्या गावाची सारी वस्ती एका सकाळी एकाच रस्त्यावर उतरावी, तसा हा प्रकार होय. त्या सर्वांना पाणी पाजावयाचे, वाट दाखवावयाची, कोसळलेल्यास उचलावयाचे, प्रत्येकाची वेळ मोजावयाची आणि दुपारपर्यंत रस्ता झाडून पुन्हा मोटारींच्या स्वाधीन करावयाचा. हे काम जे करतात, ते स्वतः एक पाऊलही धावत नाहीत.

व्यवस्था नसली म्हणजे

पडद्यामागचे काम नीट झाले नाही तर काय होते, याचा धडा जगाला १९०४ साली मिळाला. अमेरिकेतील सेंट लुईस शहरी त्या वर्षीचे ऑलिम्पिक सामने झाले. ऑगस्ट महिन्याच्या कडक उन्हात, धुळीच्या रस्त्यांवरून मॅरेथॉन धावविली गेली. पाण्याची सोय वाटेत एकदोन ठिकाणीच होती. धावपटूंच्या पुढेमागे मोटारी चालत होत्या आणि त्यांच्या चाकांनी उडविलेली धूळ धावणाऱ्यांच्या नाकातोंडात जात होती. ३२ जण निघाले, त्यांपैकी अवघे १४ शेवटपर्यंत पोहोचले. विल्यम गार्सिया नावाचा एक धावपटू रस्त्याच्या कडेला मरणासन्न अवस्थेत सापडला. गिळलेल्या धुळीने त्याच्या पोटात रक्तस्राव झाला होता. फ्रेड लॉर्झ नावाच्या दुसऱ्याने थकल्यावर कित्येक मैल मोटारीतून प्रवास केला, पुढे उतरून धावत मैदानात प्रवेश केला, आणि लबाडी उघडकीस येईपर्यंत लोक त्यालाच विजयी समजून जयजयकार करीत राहिले. जो खरा विजयी ठरला, त्या थॉमस हिक्सला त्याच्या मदतनिसांनी वाटेत ब्रँडी आणि कुचल्याचे विष थोड्या मात्रेत पाजून कसेबसे चालते ठेवले होते.

धावणाऱ्यांच्या हिमतीत काही उणे नव्हते. पाणी देणारा, वाट राखणारा आणि नोंद ठेवणारा, हे तिघे त्या शर्यतीत नव्हते, किंवा पुरेसे नव्हते. एवढ्याने एकाचा जीव जाण्याची वेळ आली आणि दुसऱ्याला खोटे यश लाटता आले.

सायकलवरचा मोजणीदार

मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. हा आकडा १९०८ सालच्या लंडन ऑलिम्पिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणातील राजघराण्याच्या आसनापर्यंतच्या अंतरावरून आला आणि १९२१ साली कायम ठरला. पण आकडा ठरविणे सोपे. वळणावळणाच्या शहरी रस्त्यावर तो अचूक आखणे हे निराळेच काम आहे. मोटारीच्या काट्यावर त्यासाठी विसंबता येत नाही. हे काम आजही सायकलवरून करतात, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल.

सायकलच्या पुढच्या चाकाला एक लहानसे मोजयंत्र बसवितात. अमेरिकेतील ॲलन जोन्स यांनी आपल्या मुलाच्या मदतीने १९७१ साली ते तयार केले. चाक एकदा फिरले की त्यावरील आकडा वीस किंवा त्याहून अधिक घरे पुढे सरकतो. मोजणीदार प्रथम निदान तीनशे मीटरचा एक सरळ तुकडा पोलादी टेपने मोजतो आणि त्यावर सायकल अनेकदा चालवून किती आकड्यांचा एक किलोमीटर होतो हे ठरवितो. मग तो शर्यतीच्या मार्गाने निघतो. वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटर अंतर राखून, धावपटू जितक्या जवळच्या वाटेने जाऊ शकेल तितक्या जवळच्या वाटेने त्याला सायकल न्यावी लागते. ऊन वाढले की चाकातील हवा फुगते आणि मापात फरक पडतो. म्हणून काम संपल्यावर त्या सरळ तुकड्यावर पुन्हा सायकल चालवून पडताळा घेतात. एवढे करूनही मनुष्याच्या हातून उणीव राहील या भीतीने दर किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. म्हणजे धावपटूकडून बेचाळीस मीटर अधिक धावून घेतले तरी चालेल, पण एक मीटरही कमी भरता कामा नये. आपल्याकडचा प्रामाणिक दुकानदार माप भरताना वर मूठभर धान्य घालतो, तशीच ही रीत म्हणावयाची.

ही रीत कडक का, तेही सांगतो. १९८१ साली न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्ये आल्बर्टो सालाझार याने २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांत अंतर कापले आणि जागतिक उच्चांक केल्याची वार्ता सर्वत्र पसरली. पुढे मार्गाची फेरमोजणी झाली, तेव्हा तो सुमारे दीडशे मीटरने कमी भरला. उच्चांक पुसला गेला. धावणाऱ्याने काहीच लबाडी केली नव्हती. दोष मापात होता, आणि मापातील दोषाचे प्रायश्चित्त मात्र धावणाऱ्याला घ्यावे लागले.

मुंबईच्या शर्यतीचे संचालकपद अनेक वर्षे ह्यू जोन्स या इंग्रज गृहस्थांनी सांभाळले. १९८२ साली लंडनची मॅरेथॉन त्यांनी स्वतः जिंकली होती. ज्याने एकदा फीत तोडली, त्याच माणसाने पुढे इतरांसाठी मार्ग मोजण्याच्या व आखण्याच्या कामात आपले आयुष्य घातले, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

आदल्या रात्रीची जाग

शनिवारी रात्री शहर झोपी जात असताना या शर्यतीचे खरे काम सुरू होते. मालमोटारींतून कठडे उतरतात. पाण्याची मेजे, तंबू, फिरती शौचालये, दिशा दाखविणारे फलक, वैद्यकीय खाटा अशी एकेक वस्तू आपापल्या ठिकाणी पोहोचवावी लागते. ठिकाण चुकले, तर पहाटे ती हलविण्यास वाट उरत नाही, कारण रस्ता तोवर बंद झालेला असतो. वाहतूक पोलीस चौकाचौकांत उभे राहतात. पश्चिम आणि मध्य रेल्वे त्या पहाटे नेहमीच्या वेळेआधी जादा लोकलगाड्या सोडतात, कारण धावणाऱ्यांना अंधारातच आरंभस्थानी पोहोचावयाचे असते. त्या गाडीचा चालक आणि गार्ड यांनाही अर्थात् मध्यरात्रीच उठून कामावर यावे लागते.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी, समुद्रावरील पूल, वांद्रे आणि माहीम असा हा मार्ग वर्षानुवर्षे थोडाफार बदलत जात आला आहे. माहीमच्या सेंट मायकल चर्चवरूनही तो जातो. दिवस रविवारचा. भाविकांस मिस्सेला जावयाचे असते, कोणा गर्भवतीस इस्पितळात न्यावयाचे असते, कोणास पहिल्या गाडीने गावी जावयाचे असते. चौकात उभ्या असलेल्या स्वयंसेवकाची खरी परीक्षा तेथे होते. धावणाऱ्यांचा लोंढा अडवावयाचा नाही आणि चालणाऱ्याला ताटकळत ठेवावयाचे नाही. दोन धावपटूंच्या मधली फट हेरून म्हाताऱ्या बाईला हाताला धरून पलीकडे पोहोचविणे हे त्याचे काम. रागावलेल्या नागरिकाचे बोलणेही त्यालाच ऐकून घ्यावे लागते. तेथे उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलाला त्या सकाळी सौजन्याचा जो धडा मिळतो, तो कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

पाण्याचा पेला

पाणी देणे हे वरवर पाहता सर्वांत सोपे काम. प्रत्यक्षात त्यालाही शास्त्र आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सुमारे दर पाच किलोमीटरला पाण्याची सोय असावी लागते. हौशी धावपटूंची गर्दी असेल तेथे ती याहून जवळजवळ ठेवतात. मेजांची रांग लांब ठेवावी लागते, नाहीतर सारे पहिल्याच मेजावर तुटून पडतात आणि मागचे पुढच्यांवर आदळतात. म्हणून पहिल्या मेजावरचा स्वयंसेवक सतत ओरडत राहतो, "पुढेही पाणी आहे, पुढे चला!" पाणी देताना हात ताणून धरावा, धावणाऱ्याच्या गतीबरोबर तो थोडा मागे न्यावा, म्हणजे पाणी हिसकले जात नाही. जमिनीवर पडलेले पेले व बाटल्या लगोलग बाजूला साराव्या लागतात; ओल्या रस्त्यावर त्यांवरून पाय घसरला, तर महिनोन् महिने केलेली तयारी एका क्षणात वाया जाते.

पाणी न मिळण्याचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये दिसले. भारताची धावपटू ओ. पी. जैशा शर्यत पुरी करून कोसळली. आपल्या देशाच्या मेजांवर आपल्याला पाणी द्यावयास कोणी नव्हते, असे तिने पुढे सांगितले. ॲथलेटिक्स महासंघाने तो आरोप नाकारला आणि पेये देऊ केली असता तिने व तिच्या प्रशिक्षकांनीच ती नको म्हटली होती, असे कळविले. या वादाचा निवाडा करण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु मेजापाशी उभे राहणारे माणूस सबंध राष्ट्राच्या चर्चेचा विषय होऊ शकते, एवढे त्यावरून दिसून येते.

आणि पाणी फार झाले तरी घात होतो. २००२ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये एका तरुण स्त्रीचा मृत्यू झाला. घामावाटे मीठ जाते त्या मानाने अतिशय पाणी पोटात गेल्याने रक्तातील क्षाराचे प्रमाण घसरले होते. त्याच शर्यतीतील ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्क्यांच्या रक्तात क्षार कमी आढळला. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून जाणत्या शर्यतींत नुसत्या पाण्याबरोबर क्षारयुक्त पेयही ठेवतात आणि धावणाऱ्यांना तहानेच्या मानाने प्या असे सांगतात. आपल्या शेतमजुरांनी उन्हाळ्यात ताकात मीठ घालून प्यावे, असे वडीलधारी मंडळी सांगत आली, त्यामागचा विचार याहून फारसा वेगळा नाही.

उचलावे की उचलू नये?

१९०८ साली लंडनला डोरांडो पिएत्री नावाचा इटालियन मिठाईवाला सर्वांच्या पुढे क्रीडांगणात शिरला. पण त्याचे भान हरपले होते. तो उलट दिशेने वळला, पडला, उठला, पुन्हा पडला. असे पाचदा झाले. डॉक्टरांना व पंचांना पाहवेना. त्यांनी त्याला हात देऊन रेषेपार नेले. नियमाप्रमाणे मदत घेणारा बाद होतो, म्हणून पदक दुसऱ्या क्रमांकाने आलेल्या अमेरिकेच्या जॉन हेजला मिळाले. राणी अलेक्झांड्राने दुसऱ्या दिवशी पिएत्रीला एक चांदीचा पेला देऊन त्याचा गौरव केला.

ज्यांनी त्याला उचलले त्यांनी चूक केली काय? त्यांनी न उचलले तर तो कदाचित दगावला असता, असा त्या वेळी अनेकांचा समज होता. आजच्या वैद्यकीय पथकापुढेही हाच प्रश्न दर वर्षी उभा राहतो. धडपडणाऱ्यास धीर देऊन पुढे जाऊ द्यावे, की हाताला धरून बाहेर काढावे? त्याची चाल वाकडी होऊ लागली, उत्तरे असंबद्ध येऊ लागली, अंग तापून कोरडे पडले, की पथकाने पदकाचा विचार सोडावयाचा असतो. उष्माघात झालेल्यास इस्पितळात नेण्याची घाई करण्याआधी जागच्या जागी बर्फाने व थंड पाण्याने त्याचे अंग थंड करावे, हा आता मान्य झालेला उपचार आहे. मुंबईची हवा जानेवारीतही दमट असते. सूर्य वर आला की पेडर रोडच्या चढावर तिचा प्रताप दिसतो. मार्गावर वैद्यकीय केंद्रे, रुग्णवाहिका आणि हृदय बंद पडल्यास विजेचा धक्का देणारी यंत्रे सज्ज असतात. तरीही २०२० साली एका ज्येष्ठ नागरिकाचा धावताना हृदयविकाराने मृत्यू झाला. त्या सकाळी कर्तव्यावर असलेल्या परिचारिकांनी व डॉक्टरांनी पुढच्या धावपटूकडे वळताना मनाला कसे आवरले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. यश आले तर त्यांचे नाव होत नाही आणि अपयश आले तर ते त्यांच्या मनात घर करून राहते.

खऱ्याची नोंद

शर्यतीत खरेखोटे निवडणारेही पडद्यामागेच असतात. पूर्वी पंच हातात घड्याळ घेऊन बसत. धावपटूच्या छातीवरील क्रमांकाचा खालचा तुकडा फाडून, ज्या क्रमाने माणसे आली त्या क्रमाने तो तारेत ओवला जाई. चारशे माणसे असली तर हे जमते, चाळीस हजारांचे काय? १९९० नंतरच्या काही वर्षांत धावपटूबरोबर एक लहानशी चिप देण्याची पद्धत आली. हल्ली ती बहुधा छातीवरील क्रमांकाच्या कागदालाच चिकटविलेली असते. रस्त्यावर अंथरलेल्या चटईवरून पाऊल पडताच ती चिप आपला क्रमांक कळविते व वेळ नोंदली जाते. आरंभरेषेला गर्दीमुळे दहा मिनिटे उशिरा पोहोचलेल्या सामान्य माणसालाही त्यामुळे त्याची स्वतःची खरी वेळ समजते.

या चटया वाटेतही अंथरतात, कारण मनुष्यस्वभाव १९०४ नंतर फारसा बदललेला नाही. १९८० साली बॉस्टनला रोझी रुईझ नावाची स्त्री प्रथम आली म्हणून तिच्या डोक्यावर मानाची वेल चढविली गेली. पण वाटेत तिला कोणी पाहिल्याचे नोंदींत आढळेना. चौकशीअंती ती अखेरच्या टप्प्यातच मार्गावर आल्याचे निष्पन्न झाले आणि मान खऱ्या विजयी जॅकलिन गारो हिला मिळाला. वाटेतल्या नोंदवह्या ठेवणारे लोक कोण होते, हे आज कोणास ठाऊक नाही. त्यांनी आपले काम चोख केले, म्हणून एका मुलीचे हिरावलेले यश तिला परत मिळाले.

शेवटच्या माणसासाठी

पहिला धावपटू दोन तासांच्या जरा पलीकडे येतो. त्याच्यासाठी वाद्ये वाजतात. परंतु स्वयंसेवकांची सकाळ तेथे निम्मीही सरलेली नसते. कोणी पाच तासांनी येतो, कोणी सहा तासांनी, कोणी त्याहून उशिरा. पाणी तापलेले असते, प्रेक्षक घरी गेलेले असतात, उभे राहून पायांना गोळे आलेले असतात. शेवटच्या मेजावरचा मुलगा तरीही पाण्याची बाटली पुढे करतो आणि "थोडेच राहिले" म्हणून धीर देतो. पहिल्याला दिलेल्या पाण्यापेक्षा या पाण्याचे मोल आम्ही अधिक मानतो.

१९६८ साली मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये टांझानियाचा जॉन स्टीफन अख्वारी वाटेत पडून गुडघ्याला जखमी झाला. पाय बांधून घेऊन तो लंगडत निघाला आणि विजयी धावपटूच्या मागून तासाभराहूनही अधिक काळाने, अंधार पडल्यावर, क्रीडांगणात आला. तो सर्वांत शेवटचा होता. बहुतेक प्रेक्षक निघून गेले होते. पण वेळ मोजणारे जागेवर होते, म्हणून त्याची ३ तास २५ मिनिटांची वेळ नोंदली गेली आणि जगाला ती कथा कळली. घड्याळ बंद करून ते घरी गेले असते, तर त्याची जिद्द त्याच्या एकट्यापाशी राहिली असती.

ज्यांना प्रशस्तिपत्र मिळत नाही

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे आम्हांस उचित वाटते. पडद्यामागच्या माणसांतही दोन वर्ग असतात. एक हौसेने येणाऱ्या स्वयंसेवकांचा. त्यांना रंगीत सदरा मिळतो, न्याहारी मिळते, प्रशस्तिपत्र मिळते. दुसरा वर्ग पोटासाठी येणाऱ्यांचा. रात्रभर कठडे उतरविणारा हमाल, तंबू ठोकणारा मजूर, शौचालये धुणारा, आणि हजारो बाटल्या रस्त्यावर पडल्यावर झाडू घेऊन निघणारी महापालिकेची सफाई कामगार स्त्री. आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यातून कितीतरी तरुण कामाच्या शोधात नागपूर, हैदराबाद, मुंबई गाठतात. त्यांतील एखादा त्या रात्री बांबूंना गाठी मारीत असेलही. त्याला मजुरी मिळते. पण आपण एका मोठ्या कार्यात सहभागी आहोत असे त्याला कोणी सांगितलेले असते काय? मजुरी वेळेवर द्यावी, पुरी द्यावी, हे तर झालेच. त्याशिवाय त्याला पाण्याचा एक पेला आणि आदराचा एक शब्द द्यावा, हे कोणत्याही उत्सवाच्या यजमानास अवघड नाही.

खेड्यातल्या धावणाऱ्यामागे कोण?

पडद्यामागच्या कामाचा आणखी एक प्रकार आहे. त्याची आठवण दिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडा मेळाव्यात अनवाणी धावणारे शेतकरी सर दोराबजी टाटा यांनी पाहिले, तेव्हा ते चकित झाले. या साध्या माणसांच्या वेळा युरोपातील नामांकित धावपटूंच्या वेळांच्या जवळपास जात होत्या. दोराबजींनी स्वतः पुढाकार घेऊन, पदरचे पैसे घालून १९२० साली भारताचा लहानसा संघ बेल्जियममधील अँटवर्प ऑलिम्पिकला पाठविला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. मराठी मुलुखाच्या सीमेवरचा एक माणूस शंभर वर्षांपूर्वी जगातील निवडक धावपटूंबरोबर धावला, कारण त्याला पाहणारा डोळा आणि खर्च सोसणारा हात कोणाचा तरी होता. पुढे सातारा जिल्ह्यातील मोही गावची ललिता बाबर मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत लागोपाठ तीनदा पहिली आली आणि २०१६ साली ऑलिम्पिकच्या अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचली. अशा प्रत्येक मुलीमागे तिला पहाटे उठविणारी आई असते, बुटांसाठी पैसे बाजूला ठेवणारा बाप असतो, शाळा सुटल्यावर थांबून राहणारा शिक्षक असतो. हेही पडद्यामागचेच कामकरी.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामाचा सण जवळ आला की मुलांच्या शर्यती ठरतात. त्या वेळी पुढील गोष्टी मनात ठेवाव्यात, अशी आमची सूचना आहे. धावण्याचे अंतर पावलांनी न मोजता टेपने मोजा. लहान मुलालाही आपले अंतर खरे होते याचा अभिमान वाटतो. दोन ठिकाणी सावलीत पाणी ठेवा, त्यात चिमूटभर मीठ आणि साखर असू द्या. पट्टी, औषध आणि प्रथमोपचार जाणणारे एक माणूस जवळ ठेवा. शेवटचे मूल येईपर्यंत रेषेवरची फीत आणि घड्याळ हलवू नका. मैदान होते त्याहून स्वच्छ करून परत करा. आणि बक्षिसे वाटून झाल्यावर, ज्यांनी सतरंज्या घातल्या, विहिरीवरून पाणी ओढले व भांडी घासली, त्यांची नावे घेऊन सर्वांदेखत त्यांचे आभार माना. ज्या मुलांना धावण्यात क्रमांक मिळत नाही, त्यांच्यावर पुढच्या वर्षी यांतील एकेक काम सोपवून पाहा. त्यांतील कित्येकांना आपली जागा तेथे सापडेल.